मळीतलं गंधक आणि मिथेनॉलचा उत्प्रेरक: सोलापूर जिल्ह्यातल्या एका आसवनीचं प्रकरण

संचालक मंडळाच्या विषयपत्रिकेवर विषय असा लिहिला होता: ‘आसवनीतून वाया जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपासून मिथेनॉल तयार करण्यासाठी योग्य उत्प्रेरकाची निवड करणे.’ सोलापूर जिल्ह्यातला हा सहकारी साखर कारखाना. नाव देत नाही, आणि ओळख पटेल असे आकडे ठोकळ केले आहेत. मी रासायनिक अभियांत्रिकी शिकवतो. माझ्या दोन पदव्युत्तर विद्यार्थ्यांना घेऊन मी या विषयावर अहवाल द्यावा, असं कारखान्यानं सुचवलं. चेअरमनसाहेबांची अपेक्षा सरळ होती. “सर, कोणतं ऑक्साइड घ्यायचं तेवढं सांगा. बाकीचं आम्ही बघतो.”

विषयाचं वाक्य नीट वाचलं तर निर्णय आधीच झाल्यासारखा दिसतो. मिथेनॉल करायचं ठरलंय, नळीत भरायच्या गोळ्या, म्हणजे अभिक्रिया घडवून आणणारा धातूंच्या ऑक्साइडचा उत्प्रेरक, कोणत्या एवढंच राहिलंय. हा समज एका पुरवठादाराच्या सादरीकरणातून आलेला. त्यात ‘९९ टक्के निवडकता’ असं ठळक अक्षरांत होतं. निवडकता म्हणजे बदललेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी किती हिश्श्याचं मिथेनॉल झालं. मुळात बदलला किती, हे त्या पानावर कुठेच नव्हतं. शंभरातले दोन रेणू बदलले आणि दोन्हींचं मिथेनॉल झालं, तरी निवडकता शंभर टक्केच भरते.

आम्ही उत्प्रेरकाच्या आधी वायूपासून सुरुवात केली.

फर्मेंटरमधून येतं काय

यीस्ट साखरेच्या एका रेणूपासून इथेनॉलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू करतं. वजनात सांगायचं तर ४६ किलो इथेनॉलमागे ४४ किलो वायू. एक लिटर इथेनॉल ०.७८९ किलोचं, म्हणून दर लिटरमागे सुमारे पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड. ही आसवनी रोज ६० हजार लिटरची, तेव्हा हिशेबानं रोज ४५ टन वायू निघतो. फर्मेंटर (आंबवण्याची टाकी) भरताना आणि वॉश, म्हणजे आंबवलेलं मळीचं द्रावण, उतरत आल्यावर त्यात हवा मिसळते, तो भाग सोडून द्यावा लागतो. हाती यायची शक्यता ३३ टनांच्या आसपास.

हा वायू जवळजवळ निखळ असतो, हे त्याचं मोठेपण. औष्णिक वीज केंद्राच्या धुरात कार्बन डायऑक्साइड जेमतेम १२ ते १४ टक्के असतो. बाकीच्या नायट्रोजनमधून तो अमाइनच्या द्रावणानं वेचून काढायचा आणि पुन्हा वाफेनं तापवून सोडवायचा, यात भरपूर उष्णता जाते. सोलापूरजवळच एनटीपीसीचं १३२० मेगावॉटचं केंद्र आहे, त्यामुळे ‘एवढा वायू त्यांच्याकडे असताना आपण कशाला?’ हा प्रश्न बैठकीत आलाच. एनटीपीसीनं तो प्रयोग मध्य प्रदेशातल्या विंध्याचल केंद्रात केला आहे. तिथला मिथेनॉल प्रकल्प रोज १० टनांचा आहे. आसवनीच्या वायूला ती वेचणी लागत नाही. सुकवला की तो ९८-९९ टक्के शुद्ध.

उरलेल्या टक्का-दीड टक्क्यात पाण्याची वाफ, हवा, थोडं इथेनॉल, ॲसिटाल्डिहाइड आणि गंधकाची काही संयुगं. या प्रकरणाचं सगळं भांडण त्या शेवटच्या दोन शब्दांत आहे.

ऑक्साइडांची चाळीस वर्षं

कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू आणि हायड्रोजनचे तीन, यांतून मिथेनॉलचा एक आणि पाण्याचा एक रेणू तयार होतो. अभिक्रिया उष्णता सोडते, प्रत्येक मोलमागे जवळपास ५० किलोज्यूल. म्हणजे तापमान जितकं कमी तितका समतोल मिथेनॉलच्या बाजूनं. पण तापमान कमी केलं तर कार्बन डायऑक्साइडसारखा सुस्त रेणू हलत नाही. शेजारी दुसरी अभिक्रियाही दबा धरून असते: हायड्रोजन घेऊन कार्बन डायऑक्साइडचा नुसता कार्बन मोनॉक्साइड होतो आणि पाणी सुटतं. ही उष्णता खाते, म्हणून तापमान वाढवलं की ती वरचढ होते. उत्प्रेरकाचं कौशल्य या दोन्हींच्या मधली वाट काढण्यात आहे.

मिथेनॉलचा औद्योगिक इतिहास धातूंच्या ऑक्साइडांनीच सुरू होतो. १९२३ मध्ये जर्मनीत बीएएसएफनं झिंक ऑक्साइड आणि क्रोमियम ऑक्साइडचं मिश्रण वापरून कारखाना चालू केला. त्याला अडीचशे ते साडेतीनशे बार दाब (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेइतका) आणि तीनशे ते चारशे अंश तापमान लागायचं. तांबं असलेले उत्प्रेरक यापेक्षा किती तरी चपळ आहेत, हे त्याच काळात ठाऊक झालं होतं. पण कोळशापासून काढलेल्या वायूत गंधक असायचं, आणि गंधकापुढे तांबं टिकत नाही. म्हणून चाळीस वर्षं जगानं दांडगा दाब सोसला. नॅफ्था आणि नैसर्गिक वायूपासून स्वच्छ वायू मिळायला लागला, तेव्हा १९६६ मध्ये ब्रिटनच्या आयसीआयनं तांबं, झिंक ऑक्साइड आणि ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचं ऑक्साइड) यांचा उत्प्रेरक कामाला लावला. दाब ५० ते १०० बारवर आला आणि तापमान अडीचशे अंशांच्या आसपास. आजही जगातलं बहुतेक मिथेनॉल याच कुळातल्या उत्प्रेरकावर होतं.

हा इतिहास मी संचालकांना जरा लांबवून सांगितला. काहींना तो कंटाळवाणा वाटला असणार. पण कोणता उत्प्रेरक वापरायचा हे जगात चाळीस वर्षं वायूनं ठरवलं होतं, आणि आपल्या आसवनीतही तोच ठरवणार, हे सांगायला त्याहून जवळचा दाखला माझ्याकडे नव्हता.

आमच्यासमोर तीन उमेदवार होते. पहिला हाच तांबं-झिंक-ॲल्युमिनाचा. दुसरा झिरकोनियावर, म्हणजे झिरकोनियमच्या ऑक्साइडवर, बसवलेला इंडियम ऑक्साइड. २०१६ मध्ये झुरिकच्या ईटीएच संस्थेतल्या गटानं त्याच्यावर ३०० अंश आणि ५० बारला जवळजवळ शंभर टक्के निवडकता आणि हजार तास टिकाऊपणा दाखवला. पुरवठादाराच्या पानावरच्या आकड्याचं मूळ बहुधा अशाच प्रयोगांत असावं. तिसरा झिंक ऑक्साइड आणि झिरकोनियाचं घन द्रावण. २०१७ मध्ये चीनमधल्या दालियनच्या संशोधकांनी तो प्रसिद्ध केला. झिंकचे अणू झिरकोनियाच्या जाळीतच मुरलेले असतात, वेगळे बसलेले नसतात. त्यांनी ५० बार आणि ३१५-३२० अंशांना दहा टक्क्यांहून जास्त रूपांतर आणि ८६ ते ९१ टक्के निवडकता नोंदवली. वायूत ५० पीपीएम (दहा लाखांत पन्नास भाग) हायड्रोजन सल्फाइड किंवा सल्फर डायऑक्साइड असतानाही तो मंदावला नाही, हे त्या शोधनिबंधातलं आमच्या कामाचं वाक्य.

इंडियमला आम्ही लवकर निरोप दिला. त्याचं काम पृष्ठभागावरच्या ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांवर चालतं आणि शास्त्र म्हणून ते फार देखणं आहे. पण हायड्रोजन जास्त आणि तापमान चढं झालं की ऑक्साइडचं धातूत रूपांतर होऊ लागतं आणि पृष्ठभाग हातचा जातो. शिवाय इंडियम हा जस्ताच्या शुद्धीकरणातला तुरळक जोडमाल, आणि त्याच्यावर टीव्ही-मोबाइलच्या पडद्यांच्या काचा बनवणाऱ्यांचा डोळा. साखर कारखान्यानं त्यांच्याशी भावात स्पर्धा करावी, असं मला तरी वाटत नाही.

नळीत काय घडलं

तांब्याचा उत्प्रेरक विद्यार्थ्यांनी स्वतः केला. तांबं, जस्त आणि ॲल्युमिनियमची नायट्रेटं एका बाजूनं, सोडियम कार्बोनेट दुसऱ्या बाजूनं, साठ-सत्तर अंशांच्या पाण्यात सामू सातच्या आसपास धरून थेंबाथेंबानं सोडायची. निळसर गाळ काही वेळ तसाच ढवळत ठेवला की त्याचा रंग हिरव्याकडे झुकतो. तो बदल झाल्याशिवाय गाळायचं नाही. त्यानंतर धुणं. सोडियम उरला तर तांब्याचे कण मोठे होतात, म्हणून गाळ पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातित पाण्यानं धुवावा लागतो. सोलापूरच्या मे महिन्यात एवढं पाणी तयार करत बसणं म्हणजे काय, ते प्रयोगशाळेच्या मदतनिसाला विचारा. झिंक-झिरकोनियाचं बरं, त्यात अमोनियम कार्बोनेट चालतं आणि सोडियमचा प्रश्नच येत नाही. तो ५०० अंशांना भाजला की झाला.

अर्ध्या इंचाची स्टीलची नळी, विजेची भट्टी, वायूचा प्रवाह मोजणारी यंत्रं, शेवटी दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह आणि बाहेर आलेल्या वायूतले घटक मोजणारा गॅस क्रोमॅटोग्राफ, एवढाच संच. बाजारातल्या सिलिंडरच्या कार्बन डायऑक्साइडवर दोन्ही उत्प्रेरक वागायला हवे तसेच वागले. तांबं कमी तापमानाला जोरात, झिंक-झिरकोनिया जास्त तापमानाला संथ. या टप्प्यावर अहवाल लिहिला असता तर तांब्याची शिफारस झाली असती आणि पुरवठादारही खूश झाला असता.

मग आसवनीतून भरून आणलेला वायू जोडला. तो फक्त पाण्यानं धुतलेला आणि सुकवलेला होता. तांब्याचं रूपांतर पहिल्याच पाळीपासून ओसरायला लागलं. झिंक-झिरकोनियाचं फारसं हललं नाही.

आता कारण शोधायचं होतं, आणि इथे दोन संशयित होते. एक गंधक. दुसरं पाणी. कार्बन डायऑक्साइडपासून मिथेनॉल करताना प्रत्येक रेणूमागे पाण्याचा एक रेणू सुटतोच. कार्बन मोनॉक्साइड भरपूर असलेल्या नेहमीच्या वायूत तो मोनॉक्साइड हे पाणी वापरून टाकतो. इथे तशी सोय नाही. गरम वाफेत तांब्याचे बारीक कण तव्यावरच्या तुपाच्या थेंबांसारखे एकमेकांत मिसळून मोठे होतात, झिंक ऑक्साइडचे स्फटिकही वाढतात, आणि काम करणारा पृष्ठभाग घटतो. दोन्ही रोगांचं बाहेरचं लक्षण एकच: मिथेनॉल कमी.

फरक नळीच्या आत दिसतो. पाण्यानं होणारी म्हातारपणाची झीज थरभर पसरते. गंधक मात्र वाटेत भेटलेल्या पहिल्या तांब्याला आणि जस्ताला चिकटून बसतं, म्हणून थराचं तोंड आधी मरतं आणि मेलेला भाग हळूहळू पुढे सरकतो. नळीच्या मधोमध बसवलेली थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) वर-खाली सरकवून आम्ही तापमानाचं शिखर कुठे आहे ते बघत होतो. अभिक्रिया जिथे चालू तिथे उष्णता. ते शिखर वायू वाहतो त्या दिशेनं खाली सरकत गेलं. नंतर थर वरचा, मधला, खालचा असा वेगळा काढून तपासला तेव्हा गंधक वरच्या थरात साठलेलं निघालं. एक्स-रे विवर्तनात तांब्याची शिखरं तिन्ही थरांत थोडी टोकदार झाली होती, म्हणजे कण मोठे झाले होते आणि पाण्यानंही आपला वाटा उचलला होता, पण मारेकरी गंधकच. पुन्हा सिलिंडरचा वायू लावून पाहिला. गेलेलं परत आलं नाही.

तांब्याच्या उत्प्रेरकासाठी वायूत गंधक ०.१ पीपीएमच्या खाली असावं, असा उद्योगाचा दंडक आहे. दहा कोटी रेणूंत गंधकवाले दहा. हायड्रोजन सल्फाइड ओळखायची लेड ॲसिटेटची ओली पट्टी आसवनीतल्या वायूत धरली की ती तपकिरी होत होती. एवढ्या साध्या पट्टीला जे दिसतं, ते तांब्याला दिसल्याशिवाय कसं राहील?

गंधक येतं कुठून

पुरवठादाराच्या कागदात हा प्रश्न नव्हता, आणि खरं सांगायचं तर कारखान्यातही कुणी तो विचारला नव्हता. इथेनॉलमध्ये गंधक किती जातं याची काळजी असते, हवेत सोडलेल्या वायूची कोण करतो?

उत्तर साखरेच्या पांढरेपणात सापडलं. आपल्याकडचे बहुतेक कारखाने दुहेरी सल्फिटेशननं साखर करतात. गंधक जाळून सल्फर डायऑक्साइड तयार करायचा, तो चुन्याबरोबर रसात सोडायचा, आणि रस आटवून पाक झाला की त्यात पुन्हा एकदा. साखर पांढरी होते. सल्फाइट आणि सल्फेट मळीत उतरतात. मळी आसवनीत येते. तिथे वॉशचा सामू साडेचारच्या आसपास आणायला सल्फ्युरिक आम्ल घालतात, म्हणजे आणखी सल्फेट. पातळ करायला स्पेंटवॉशचा, म्हणजे इथेनॉल काढून उरलेल्या सांडपाण्याचा, काही भाग फिरवून परत घेतला तर त्यातलं सल्फेटही येतं. यीस्ट ते सल्फाइट-सल्फेट खाऊन आपल्या अमिनो आम्लांसाठी वापरतं आणि जास्तीचं हायड्रोजन सल्फाइड म्हणून सोडून देतं. वर बुडबुडत जाणारा कार्बन डायऑक्साइड ते सगळं बरोबर घेऊन बाहेर पडतो.

फर्मेंटरवर बरीच वर्षं काढलेल्या एका ऑपरेटरमामांना हे रसायनशास्त्र सांगितलं तर ते हसले. “सर, सी मळी चालू झाली की वासावरनंच कळतंय बघा. बी-हेवीला एवढं नसतंय.”

मामांचं म्हणणं बरोबर आहे, आणि ते प्रकल्पाच्या दृष्टीनं गंभीर आहे. बी-हेवी ही साखर दोनदा काढून झाल्यावरची मळी, सी ही तिसऱ्यांदा काढल्यावरची. साखर जितक्या वेळा काढून घ्याल तितकी मळीत साखरेतर द्रव्यं दाट होत जातात. सी मळीतून तेवढंच इथेनॉल काढायला जास्त मळी लागते, आणि तिच्याबरोबर जास्त गंधक येतं. उलट रसापासून थेट इथेनॉल करायचं असेल तर रस पांढरा करत बसायची गरजच नाही. आता आसवनी कोणत्या मालावर चालणार हे दरवर्षी कारखान्याच्या हातात असतं असंही नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं उसाचा रस आणि बी-हेवी मळीपासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले, तेव्हा अनेक आसवन्यांचं सगळं गणित हंगामाच्या ऐन तोंडावर बदललं. दिल्लीतून एक आदेश निघतो आणि सोलापूरच्या नळीतल्या तांब्याचं आयुष्य कमी होतं, असा हा धागा आहे. उत्प्रेरकाची हमी देणारा कुठलाही करार या धाग्याची दखल घेत नाही. पुरवठादाराच्या मसुद्यात ‘निर्दिष्ट दर्जाचा वायू’ एवढाच उल्लेख होता, आणि ते निर्देश पाळायची जबाबदारी अर्थातच कारखान्यावर.

वायू स्वच्छ करता येतो, त्यात गूढ काही नाही. फेस अडवणारं भांडं, पाण्याचा स्क्रबर, पोटॅशियम परमँगनेटचं धुणं, सक्रिय कोळसा, शेवटी तापवलेल्या झिंक ऑक्साइडचा राखणदार थर. तो हायड्रोजन सल्फाइड घेऊन झिंक सल्फाइड होतो आणि संपला की बदलायचा. म्हणजे ऑक्साइड निवडायचाच झाला तर पहिला हा निवडायला हवा, असं मी बैठकीत म्हणालो. मिथेनॉल करणारा त्याच्यानंतर. डायमिथाइल सल्फाइडसारखी सेंद्रिय संयुगं मात्र या थराला तितकी दाद देत नाहीत. त्यांचा भार कोळशावर.

तांब्याची दुसरी खोड म्हणजे त्याला थांबणं सोसत नाही. ते कॉपर ऑक्साइड म्हणून येतं. नायट्रोजनमध्ये अगदी थोडा हायड्रोजन मिसळून, तापमान हळूहळू चढवत त्याचा धातू करावा लागतो. घाई केली तर थर भाजून निघतो. एकदा धातू झाला की उघड्या हवेत तो आपोआप तापतो, पेटूही शकतो. आसवनी मळी संपली म्हणून थांबते, बॉयलर दुरुस्तीला थांबते, साठवणुकीला टाक्या नाहीत म्हणून थांबते. प्रत्येक वेळी नायट्रोजनखाली उत्प्रेरक जपायचा. झिंक-झिरकोनियाला हे लाड नाहीत. ऑक्साइड म्हणूनच तो काम करतो. पण त्याला साठ-सत्तर अंश जास्त तापमान लागतं, समतोल तिथे जास्त प्रतिकूल असतो, म्हणून वायू जास्त वेळा फिरवावा लागतो आणि कॉम्प्रेसरचं बिल वाढतं. शिवाय तांब्याच्या गोळ्या टनावर विकत मिळतात, याच्या तितक्या सहज मिळत नाहीत.

आणि हायड्रोजन?

इथपर्यंत चर्चा ऑक्साइडांची होती, आणि संचालकांना ती आवडतही होती. मग आम्ही फळ्यावर हा हिशेब मांडला. ३३ टन कार्बन डायऑक्साइडपासून जास्तीत जास्त २४ टन मिथेनॉल. त्यासाठी साडेचार टन हायड्रोजन. पाण्याचं विघटन करून एक किलो हायड्रोजन काढायला ५० ते ५५ युनिट वीज लागते. रोजचे सुमारे २ लाख ४० हजार युनिट, म्हणजे अखंड १० मेगावॉट. मिथेनॉलच्या एका किलोमागे १० युनिट, तीही फक्त हायड्रोजनची.

वीज पाच रुपयांनी धरली तरी किलोमागे ५० रुपये विजेतच गेले. मिथेनॉलचा बाजारभाव तेव्हा किलोला ३० रुपयांच्या आसपास घुटमळत होता. तीन रुपयांची वीज मिळाली तर भाव आणि वीजखर्च बरोबरीत येतात, आणि यंत्रं, माणसं, व्याज, उत्प्रेरक यांना काही उरत नाही.

“ग्रीडची वीज घेऊ, पर्यावरणाचं काम म्हणून करू,” असं एक संचालक म्हणाले. देशातल्या ग्रीडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. दहा युनिटांमागे सात किलो. एक किलो मिथेनॉलमध्ये आपण १.३७५ किलो बांधणार. हा आकडा फळ्यावर लिहिल्यावर तो मुद्दा परत कुणी काढला नाही.

मग सौर. ऊन सोलापूरला उणं नाही. पण एक मेगावॉटचं सौर संयंत्र दिवसाला सरासरी चार-साडेचार हजार युनिट देतं. २ लाख ४० हजार युनिटांसाठी ५० ते ६० मेगावॉट बसवावे लागतील, त्याला दोनशे एकरांहून जास्त जमीन, आणि रात्रीसाठी हायड्रोजनचा साठा. स्वतःची सहवीज वापरावी तर ती हंगामापुरती, आणि आज तीच वीज विकून पैसे येतात.

पाण्याची भीती मात्र मला अनाठायी वाटली, जरी उजनी धरणाच्या नावानं ती बैठकीत सगळ्यात मोठ्या आवाजात मांडली गेली. साडेचार टन हायड्रोजनला साडेचाळीस-पन्नास हजार लिटर शुद्ध पाणी लागेल. उसात ७० टक्के पाणीच असतं. रोज ५ हजार टन गाळप करणाऱ्या कारखान्यात साडेतीन हजार टन पाणी उसाबरोबर चालत येतं. अभिक्रियेतूनही तेरा-चौदा टन परत मिळतं. उन्हाळ्यातल्या ४३ अंशांचाही तसाच बाऊ झाला. आपली उन्हाळी हवा कोरडी असते, कूलिंग टॉवरला ती दमट हवेपेक्षा बरी.

जगात हा उद्योग सुरुवातीला जिथे उभा राहिला तिथे हायड्रोजनची सोय आधीची होती. आइसलँडमधल्या स्वार्त्सेंगीचा प्रकल्प वर्षाला ४ हजार टनांचा, म्हणजे आपल्या हिशेबाच्या साधारण निम्मा. त्याच्यामागे भूगर्भातली उष्णता आणि जलविद्युत. चीनमधल्या आन्यांगचा २०२२ मधला प्रकल्प १ लाख १० हजार टनांचा. त्याला हायड्रोजन कोक भट्ट्यांच्या वायूतून मिळतो. स्पेंटवॉशच्या बायोगॅसमधल्या कार्बन डायऑक्साइडचा निकेलवर मिथेन करावा, अशीही सूचना आली. त्याला एका रेणूमागे हायड्रोजनचे चार रेणू लागतात. प्रश्न तोच, आणखी मोठा.

एक अडचण कुठल्याच शोधनिबंधात नसते. आसवनीच्या आवारात मिथेनॉलची टाकी. २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत मिथेनॉलमिश्रित दारूनं शंभरहून अधिक माणसं मेली. पिण्याचं अल्कोहोल आणि हे विष एकाच कुंपणात, एकाच टँकरच्या रांगेत ठेवायला उत्पादन शुल्क खात्याचा कोणता अधिकारी राजीखुशीनं सही करेल? कार्यकारी संचालकांनी हा मुद्दा मांडला आणि मला तो पूर्ण पटला. वेगळं कुंपण, वेगळं फाटक, वेगळे टँकर हा खर्च पहिल्या दिवसापासून धरायला हवा.

काय ठरलं

आमची शिफारस होती की उत्प्रेरकाची खरेदी आत्ता करूच नये, वायू शुद्ध करण्याचा संच मात्र घ्यावा. त्यामागे एक योगायोग आहे. शीतपेयांत वापरायच्या कार्बन डायऑक्साइडसाठी आंतरराष्ट्रीय पेय-तंत्रज्ञांच्या संघटनेची एकूण गंधकाची मर्यादा ०.१ पीपीएम आहे. तांब्याच्या उत्प्रेरकाची मर्यादाही तीच. म्हणजे पेयांसाठी, ड्राय आइससाठी किंवा वेल्डिंगसाठी द्रवरूप वायू विकण्याइतका स्वच्छ केला, की पुढे हायड्रोजन स्वस्त होईल त्या दिवसासाठी निम्मं काम झालेलं असेल, आणि तोवर त्या संचाचे पैसे विक्रीतून निघत राहतील.

मंडळानं शुद्धीकरण आणि द्रवीकरणासाठी निविदा मागवायला मंजुरी दिली. मिथेनॉलचा विषय पुढे ढकलला. पुरवठादाराला तसं कळवलं. प्रत्येक पाळीत वायूतलं गंधक मोजून, त्या दिवशी कोणती मळी चालू होती हे शेजारच्या रकान्यात लिहायचं, ही सूचना कागदोपत्री सगळ्यात छोटी, पण मला ती सगळ्यात मोलाची वाटते.

एका बाबतीत आमचं आणि कारखान्याचं जमलं नाही. प्रयोगाच्या नळीसाठी हायड्रोजन सिलिंडरचा खर्च द्यायला ते तयार झाले नाहीत. शेड आणि वायूचा एक नळ देतो म्हणाले. तेवढ्यावर भागवायचं ठरलंय. शुद्ध झालेल्या वायूच्या नळाला आधी झिंक-झिरकोनियाची नळी जोडावी असा माझा आग्रह होता, कारण शेवटी टिकणार तोच. विद्यार्थ्यांनी तो मोडून काढला. गंधक किती सुटतंय हे झिंक-झिरकोनिया दाखवणारच नाही, सर, ते तांबंच दाखवेल, असं त्यांचं म्हणणं. सी मळीच्या पूर्ण हंगामात तांब्याचं तापमान-शिखर जागचं हललं नाही, तर बाजारात मिळणाऱ्या गोळ्यांवर भागेल आणि महागड्या पर्यायाची गरजच उरणार नाही. हललं, तर किती वेगानं हललं त्यावरून राखणदार थर किती जाड हवा ते ठरवता येईल. पहिली नळी तांब्याचीच जोडली जाईल.